काजवा, अंक एक्केचाळिसावा

चाळीस अंक तो उजळत राहिला.
छातीतून हिरवट उजेड निघायचा आणि चोर पळायचे
लकडी पुलावरून, पर्वतीच्या पायऱ्यांवरून,
एकदा तर मंडईच्या छपरावरून थेट कोबीच्या ढिगात.
मुलांना ते पान फार आवडलं होतं.

मी फुग्यांतली अक्षरं लिहायचे.
नारायण पेठेत, बाइंडरच्या माडीवर,
खळीच्या वासात, पानाला सव्वा रुपया.
बोलण्याच्या फुग्याला टोक असतं, ते तोंडाकडे वळवायचं.
मनातल्या फुग्याला लहान लहान होत जाणारे बुडबुडे.
चाळीस अंक दोन्हींत एकच मजकूर:
थांब! आणि मनात,
थांबवायलाच हवं याला.

एक्केचाळिसाव्यात रिसबुडांनी त्याला विझवला.
सरकारी माणूस येतो. चेहरा नाही, टोपीची सावली फक्त.
म्हणतो, उजेड पुरे झाला, आता आत शीर.
खडकीच्या कारखान्यातला साधले नावाचा कारकून
नकाशे बाहेर देतो म्हणे.
"म्हणे" ठेवायचं ना, मी दोनदा विचारून घेतलं.

काजवा समोरची खोली भाड्यानं घेतो.
साधल्यांकडे पोहे खातो, दुसऱ्यांदा मागून.
त्यांच्या कुंदाला सायकल शिकवतो,
मागचं सीट धरून धावतो रेंज हिल्सच्या उतारावर.
इथं माझी पहिल्यांदा पंचाईत झाली.
बोलण्याच्या फुग्यात: तुमच्यासारखा मित्र नाही.
मनातल्या फुग्यात: कपाटाची किल्ली जानव्याला.
मी दोन वेगळी निबं घेतली.
सातव्या पानावर मात्र मनातल्या फुग्यातही तेच आलं,
तुमच्यासारखा मित्र नाही.
मला वाटलं, नजरचूक.
रिसबूड म्हणाले, नाही, तसंच जाऊ दे.

लतीफ तांबोळी चित्रं काढायचा. म्हणाला,
या पानांना करडा रंग पाहिजे.
मशीनवाला हसला. करडा कुठून आणू?
शाई एकच, काळी. ठिपके विरळ करतो,
लांबून दिसेल करडं.
लतीफनं भिंग लावून पाहिलं.
काळा ठिपका, कोरा कागद, काळा ठिपका.
करडं कुठंच नव्हतं.
त्यानं ते भिंग संध्याकाळपर्यंत परत दिलं नाही.

रिसबूड आधी टपालखात्यात होते.
ज्या वर्षी कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं त्या वर्षी
मागच्या खोलीत बसून वाफेवर पाकिटं उघडायचे.
मला एकदाच सांगितलं, इराण्याकडे,
मस्कापाव चहात बुडवताना.
एका बाईनं तुरुंगातल्या नवऱ्याला लिहिलं होतं,
गाय व्याली, कालवड झाली.
यांनी "कालवड"खाली लाल रेघ मारली.
खूण असली तर?
मग पुढं काय झालं, मी विचारलं.
"पाकीट नीट चिकटवलं," म्हणाले.
पाव तोवर कपात पडला होता.

शेवटच्या पानावर साधल्यांना जीप घेऊन जाते.
काजवा वेताळ टेकडीवर उभा, शहराकडे पाठ,
छातीत उजेड नाही, आणि डोक्यावर
मनातला एक मोठा फुगा. संहितेत तिथं
लिहिलं होतं: तुम्ही बघा.
तीन दिवस बघितलं.
मशीनवाला म्हणाला, कोरा कसा छापू,
गिऱ्हाइकाला वाटेल शाई संपली.
कोराच गेला.

साधले खरंच दोषी होते का?
बेचाळिसाव्यात सांगू, रिसबूड म्हणाले.
बेचाळिसावा पुन्हा चोरांचा निघाला,
उजेडासकट. खपही बरा झाला.

मग दौंडहून एक पोस्टकार्ड आलं.
पोस्टकार्डाला वाफ लागत नाही.
शिसपेन्सिलीत, शाळेतलं अक्षर:
कुंदाची सायकल अर्धीच शिकून झाली होती.
नंतर मागून कोणी धरलं?

रिसबुडांनी वाचलं. चष्मा पुसला. परत वाचलं.
उत्तराला एक कोरं कार्ड मागून घेतलं,
त्यावर सावकाश पत्ता लिहिला,
पिनकोडसुद्धा,
आणि मागची बाजू माझ्याकडे सरकवली.
म्हणाले, अक्षर तुमचं बरं आहे.